मोशेचे आसन आणि प्राध्यापकाचे अध्यासन

वरूडहून शेंदूरजना घाटाकडे निघाले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्र्याच्या कलमांच्या रोपवाटिका दिसू लागतात. जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरायचा, त्याने जीव धरला की खुंटाचा वरचा शेंडा छाटायचा, हे काम येथील माणसे पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहेत. प्रस्तुत लेखाचे निमित्त अशाच एका रोपवाटिकेतून आमच्या दारी आले.

तेथील एक गृहस्थ काही महिन्यांपूर्वी सायंकाळी धर्मगुरुनिवासात आले. त्यांची कन्या एका विद्यापीठात पीएच. डी. करते. तिचे मार्गदर्शक कायम नोकरीतील, नावाजलेले प्राध्यापक. तीन वर्षांत तिने त्यांच्या पुस्तकाची मुद्रिते तपासली, त्यांच्या वाट्याच्या उत्तरपत्रिका तपासल्या, त्यांच्या घरच्या कार्यात पाहुण्यांची सरबराई केली. अखेरीस तिच्या प्रबंधातील एक प्रकरण एका नियतकालिकात त्यांच्या एकट्याच्या नावाने छापून आले. तिने भीत भीत विचारणा केली आणि त्या दिवसापासून तिच्या प्रगती अहवालावरची सही अडली. वडील म्हणाले, “पोरगी म्हनते, मी शिकनं सोडतो. फादर, तुमीच तिले समजावून सांगा.”

काय समजावून सांगायचे? ‘सहन कर, गुरूचा मान राख, देव पाहतो आहे,’ हेच ना? हा उपदेश आम्ही पूर्वी एकदा केलेला आहे. बारा वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक हुशार तरुण जवळपास असेच गाऱ्हाणे घेऊन आला होता. आमच्या शब्दाखातर त्याने आणखी दोन वर्षे सोसले आणि मग शिक्षणाला रामराम ठोकला. आज तो संत्र्याच्या बाजारात एका आडत्याकडे हिशेब लिहितो. रविवारी मिस्साला येतो, नमस्कार करतो, काही बोलत नाही. म्हणून या खेपेस तोंड उघडण्यापूर्वी आम्ही इतिहासाची पाने उलटली. गुरूच्या आसनाला एवढे सामर्थ्य कोठून आले, आणि त्याला लगाम कोणी व कसा घातला, हे आम्हांला पाहावयाचे होते.

आसन एकच

लॅटिनमधील ‘कॅथेड्रा’ या शब्दाचा अर्थ आसन. बिशपांचे आसन जेथे असते ते कॅथेड्रल. आणि प्राध्यापकाच्या अध्यासनालाही युरोपात हाच शब्द लागला. हे केवळ शब्दाचे साम्य नव्हे. बाराव्या शतकात पॅरिसमधील शाळा नोत्र दामच्या कॅथेड्रलभोवती वाढल्या. तेथे शिकविण्याचा परवाना देण्याचा अधिकार बिशपांच्या कुलाधिकाऱ्याकडे होता. किल्ली एकाच्या हाती, आणि दाराबाहेर ताटकळणारे शेकडो, अशी ती व्यवस्था. जेथे अशी व्यवस्था असते तेथे किल्लीचे मोल होऊ लागते. परवान्यासाठी पैसे मागण्याचा प्रघात अनेक ठिकाणी पडला होता.

ख्रिस्तसभेने हे ओळखले. पोप तिसरे अलेक्झांडर यांच्या कारकिर्दीत ११७९ साली भरलेल्या तिसऱ्या लॅटरन महासभेने आपल्या अठराव्या कलमात तीन गोष्टी ठरवून दिल्या. प्रत्येक कॅथेड्रलमध्ये एका शिक्षकाच्या उपजीविकेची सोय असावी, म्हणजे तो गरीब विद्यार्थ्यांना विनामूल्य शिकवील. शिकविण्याच्या परवान्यासाठी कोणी पैसे घेऊ नयेत. आणि लायक माणसाला परवाना नाकारू नये. गुरूने मनाने चांगले असावे एवढीच अपेक्षा करून महासभा थांबली नाही. तिने गुरूच्या पोटाची व्यवस्था लावली आणि त्याचबरोबर त्याचे हातही बांधले. सुरक्षा व मर्यादा या दोन्ही गोष्टी एकाच कलमात असाव्यात, हे आम्हांला विशेष अर्थपूर्ण वाटते.

तरीही पॅरिसमध्ये कुलाधिकारी आणि शिक्षक यांचा झगडा पुढे चालूच राहिला. १२२९ साली दंगलीत विद्यार्थी मारले गेले, तेव्हा शिक्षकांनी वर्ग बंद करून शहर सोडले. अखेर १२३१ मध्ये पोप नववे ग्रेगरी यांनी शिक्षकसंघाला आपले नियम आपण करण्याचा अधिकार मान्य केला आणि कुलाधिकाऱ्याच्या मनमानीला आळा घातला. आज प्राध्यापक ज्या स्वायत्ततेचा अभिमान बाळगतात तिच्या मुळाशी हे आज्ञापत्र आहे. सत्य सांगणाऱ्याचे आसन राजाने वा बिशपाने लाथेसरशी उडवू नये, हा त्यातील हेतू. तो पवित्र होता आणि आजही आहे.

परंतु पुढे काय झाले? पंचवीस वर्षांच्या आत त्याच शिक्षकांनी आपल्यामागून येणाऱ्यांसाठी दार लावून घेतले. डोमिनिकन व फ्रान्सिस्कन संघांचे व्रतस्थ शिकवू लागले होते आणि विद्यार्थी त्यांच्याकडे ओढले जात होते. १२५२ मध्ये संघाने नियम केला की, प्रत्येक व्रतस्थ संघाला ईशज्ञानाचे एकच अध्यासन मिळेल. १२५६ मध्ये एक तरुण डोमिनिकन उपगुरू अध्यापनाचा पहिला पाठ द्यावयास उभा राहिला, तेव्हा वातावरण एवढे तापले होते की, व्रतस्थांच्या रक्षणासाठी राजाला शिपाई नेमावे लागले होते. पोप चौथे अलेक्झांडर यांनी वारंवार आज्ञा केल्या तरी संघ त्याला आपल्यांत घेईना. १२५७ मध्ये कोठे त्याला मान्यता मिळाली. तो तरुण म्हणजे संत थॉमस अक्वायनस, आणि त्याच्याबरोबर मान्यता मिळालेला दुसरा व्रतस्थ म्हणजे संत बोनाव्हेंचर. ज्यांचे ग्रंथ सेमिनरीत आमच्या पिढ्यांनी घोकले, त्या दोघांना त्या काळच्या मान्यवर प्राध्यापकांनी बाहेर उभे केले होते!

त्याच काळात इटलीतील बोलोन्याने दुसरे टोक गाठले होते. तेथे संघ विद्यार्थ्यांचा असे. वर्गाला उशिरा आलेल्या शिक्षकाला दंड होई, आणि गाव सोडून जावयाचे तर अनामत ठेवून परवानगी काढावी लागे. ती व्यवस्थाही आदर्श म्हणता येणार नाही. पण जेथे सत्ता असते तेथे तिचा हिशेब मागणारे कोणीतरी असावे, हे आठशे वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्यांना उमजले होते.

आपल्या मातीत मात्र एकलव्याची कथा शतकानुशतके शिष्याच्या निष्ठेची कथा म्हणून सांगितली गेली. अंगठा मागणाऱ्या गुरूला फारसे कोणी जाब विचारीत नाही. १९८५ पासून उत्तम क्रीडा-प्रशिक्षकांना दिल्या जाणाऱ्या राष्ट्रीय पुरस्काराला त्याच द्रोणाचार्यांचे नाव आहे. गुरूच्या आसनाविषयीचा आदर आपल्या रक्तात किती खोल भिनला आहे, हे यावरून ध्यानी यावे.

बर्लिनमधील कवट्या

पॅरिसची गोष्ट दूरच्या काळातील. पण विसाव्या शतकात तीच कथा दोन मराठी मुलींच्या वाट्याला आली. एकीला बर्लिनमध्ये आणि दुसरीला बंगळूरमध्ये.

पहिली इरावती कर्वे. जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातील. तेथील इरावती नदीवरूनच त्यांचे नाव ठेवले गेले. मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र शिकून महर्षी कर्व्यांची ही सून १९२८ मध्ये जर्मनीला गेली. बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेचे संचालक ऑयगेन फिशर हे तिचे मार्गदर्शक. मानवशास्त्रात फिशर यांचे नाव मोठे होते. नैऋत्य आफ्रिकेतील जर्मन वसाहतीत त्यांनी मिश्र वंशाच्या लोकांची मोजमापे घेतली होती, आणि गोऱ्यांच्या वांशिक श्रेष्ठतेवर त्यांची श्रद्धा होती.

इरावतीबाईंना विषय दिला गेला तो मानवी कवटीच्या असमानतेचा. गोऱ्या युरोपियनांची बुद्धी श्रेष्ठ, त्यांच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा, आणि म्हणून त्यांची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसणार, असे फिशर यांचे गृहीतक. शिष्येने मोजमापे घ्यावी आणि गुरूचे म्हणणे सिद्ध व्हावे, एवढेच बाकी होते. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. असमानता सर्वच कवट्यांत थोडीफार आढळली. वंशाशी तिचा काही संबंध आढळला नाही. त्यांनी तसेच लिहिले.

वाचकांनी क्षणभर त्या जागी स्वतःला उभे करून पाहावे. परका देश, परकी भाषा. पदवी ज्याच्या हाती त्याच्याच सिद्धांताला आपली मोजपट्टी खोटे पाडते आहे. आकडे किंचित इकडेतिकडे केले असते तर कोणाला कळले असते? इरावतीबाईंनी आकडे हलविले नाहीत. फिशर यांनी पदवी अडविली नाही, पण उत्तीर्ण करण्यापुरती सर्वांत खालची श्रेणी तेवढी दिली. पुढे १९३३ मध्ये हिटलरचे राज्य आले आणि हेच फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. वंशश्रेष्ठतेच्या त्या शास्त्राने युरोपात जो संहार घडविला तो जगाला ठाऊक आहे. इरावतीबाई भारतात परतल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवू लागल्या, आणि मराठी वाचकाला पुढे त्या ‘युगान्त’मुळे घरोघरी ठाऊक झाल्या.

मार्गदर्शकाच्या सत्तेचा दुरुपयोग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पैसा, वेठबिगारी किंवा त्याहूनही लांछनास्पद गोष्टी येतात. त्या आहेतच. पण सर्वांत सूक्ष्म दुरुपयोग हा की, शिष्याला दिसलेले सत्य गुरूच्या मताच्या साच्यात बसवावयास लावणे. त्यात एका विद्यार्थ्याचे नुकसान होतेच. शिवाय खोटे ज्ञान पदवी लेवून जगात हिंडू लागते.

बंगळूरचा दरवाजा

दुसरी कमला भागवत. विदुषी दुर्गा भागवत यांची धाकटी बहीण, पुढे कमला सोहोनी म्हणून प्रसिद्धीस आलेली. वडील व काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत शिकलेले. १९३३ मध्ये कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेत पहिल्या आल्या आणि त्यांनी त्याच संस्थेत अर्ज केला. संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर व्यंकट रामन, १९३० च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी. अर्ज फेटाळला गेला. कारण एकच: अर्ज करणारी स्त्री होती.

वडिलांनी व काकांनी रदबदली केली; उपयोग झाला नाही. तेव्हा ही बावीस वर्षांची मुलगी स्वतः बंगळूरला गेली, तिने नकाराचे कारण विचारले आणि प्रवेश मिळेपर्यंत सत्याग्रहाचा पवित्रा घेतला. गांधीयुगातील मुलगी ती! रामन नमले, पण अटी घालून. पहिले वर्ष तिला नियमित विद्यार्थिनी समजले जाणार नाही. मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंत काम करावे लागेल. आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये. पहिल्या आलेल्या कोणत्याही मुलाला अशा अटी घालण्यात आल्या नसत्या. अपमान गिळून कमलाबाईंनी त्या स्वीकारल्या, त्या विज्ञानासाठी. सुदैवाने त्यांना श्रीनिवासय्या यांच्यासारखे कडक पण न्यायी मार्गदर्शक लाभले. दूध व डाळींमधील प्रथिनांवर त्यांनी काम केले. वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले, आणि त्यानंतर त्या संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले.

पुढे कमलाबाई केंब्रिजला गेल्या. तेथे डॉ. डेरेक रिक्टर यांनी दिवसा काम करण्यासाठी त्यांना आपल्या प्रयोगशाळेत जागा करून दिली. रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करीत असता वनस्पतींच्या पेशींतही ‘सायटोक्रोम-सी’ हे द्रव्य असते, हे त्यांना बटाट्यावरील प्रयोगातून आढळले. अवघ्या ४० पानांचा प्रबंध लिहून १९३९ मध्ये त्यांनी पीएच. डी. मिळविली. येथे आम्हांला थबकावेसे वाटते. विद्यार्थिनी तीच, बुद्धी तीच. एका ठिकाणी दार ठोठवावे लागले आणि दुसऱ्या ठिकाणी जागा करून दिली गेली. फरक आसनावर बसलेल्यांच्या वृत्तीत होता. भारतात परतल्यावर त्यांनी नीरा, डाळी व गरिबांच्या आहाराचे पोषणमूल्य यांवर मोलाचे संशोधन केले. नीरेवरील कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार लाभला. तरीही मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपद अंतर्गत राजकारणामुळे त्यांना सुमारे चार वर्षे उशिरा मिळाले. १९९८ मध्ये त्या निवर्तल्या.

आता रामन यांच्याकडे पुन्हा एकदा पाहू. ते दुष्ट नव्हते. गोऱ्या राज्यकर्त्यांच्या काळात एका भारतीयाने विज्ञानात मान ताठ ठेवावी म्हणून ते आयुष्यभर झगडले. संस्थेचे पहिले भारतीय संचालक म्हणून त्यांनाही विरोध सोसावा लागला आणि १९३७ मध्ये संचालकपद सोडावे लागले. दाराबाहेर उभे राहण्याचे दुःख त्यांना अपरिचित नव्हते. तरीही आपल्या दाराबाहेर उभी असलेली मुलगी त्यांना दिसली नाही. पॅरिसच्या शिक्षकांचेही हेच झाले होते. सोसलेला अन्याय माणसाला आपोआप न्यायी बनवीत नाही, हा इतिहासाचा कठोर धडा आहे.

रामन यांच्याच प्रयोगशाळेत १९४० नंतर काम केलेल्या ॲना मणी या त्रावणकोरच्या सिरियन ख्रिस्ती घराण्यातील. हिरे व माणकांच्या प्रकाशगुणांवर त्यांनी पाच निबंध लिहिले आणि १९४५ मध्ये मद्रास विद्यापीठाला प्रबंध सादर केला. त्यांच्यापाशी एम. एस्सी. पदवी नाही, या कारणास्तव विद्यापीठाने पीएच. डी. नाकारली. केलेले काम समोर पडलेले असताना कागद नाही म्हणून ते मोजले गेले नाही. ॲनाबाई पुढे भारतीय हवामान खात्याच्या उपमहासंचालक झाल्या; नावामागे ‘डॉक्टर’ मात्र कधी लागले नाही. सत्ता कधी माणसाच्या रूपाने अडविते, कधी नियमाच्या रूपाने. म्हणून नियमांनाही विवेक लागतो.

दुसरे दार

या साऱ्या कथांतून आम्हांला एक सूत्र गवसले. शिष्याची सुटका गुरूचे मन पालटल्यामुळे क्वचितच झाली. ती झाली दुसरे दार असल्यामुळे. पॅरिसच्या शिक्षकांना कुलाधिकाऱ्यावर पोप होते. थॉमसला शिक्षकसंघावर पोप होते. कमलाबाईंना रामन यांच्यानंतर केंब्रिज होते. आणि दुसरे दार ठोठावण्याचे धैर्य त्या त्या व्यक्तीच्या अंगी होते. ज्याच्यापुढे एकच दार आणि त्याची किल्ली एकाच्याच खिशात, त्याची गत आमच्या त्या तरुणासारखी होते.

आपल्या देशात अशी दारे अलीकडे बांधली गेली आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी एका प्राध्यापकाकडे एका वेळी पीएच. डी.चे किती विद्यार्थी असावेत याला आठची मर्यादा घातली, आणि विद्यार्थ्याने आपली प्रगती दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे मांडावी असे ठरविले. २०२३ च्या नियमांनी संस्थांत विद्यार्थी तक्रार निवारण समित्या आणि त्यांच्यावर अपील ऐकणारे लोकपाल आणले. स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. मात्र समितीत बसणारे बहुधा त्याच प्राध्यापकाचे सहकारी असतात. उद्या त्यांच्या विद्यार्थ्याचा परीक्षक म्हणून तोच यावयाचा असतो. शिवाय तालुक्याच्या गावातून आलेल्या, घरातील पहिल्याच शिकणाऱ्या मुलीला असे दार आहे हे सांगणारा कोणी नसतो. तेव्हा दार असणे पुरेसे नाही; कोणीतरी तिला तेथवर सोबत करावी लागते.

येथे वाचक आम्हांला विचारतील, आणि विचारावेच: फादर, तुमच्या घरात काय? प्रश्न रास्त आहे. सेमिनरीत आमच्या वेळी एक प्राध्यापक होते. अहवालातील त्यांच्या दोन ओळींवर उमेदवाराचे पुढचे आयुष्य ठरे. आमच्या एका सोबत्याने वर्गात त्यांची चूक सौम्य शब्दांत दाखविली, आणि त्या वर्षाच्या अखेरीस तो घरी गेला. आम्ही सारे गप्प बसलो. त्या मौनाला आम्ही आज्ञापालन असे नाव दिले होते. बारा वर्षांपूर्वी त्या तरुणाला ‘सहन कर’ म्हणालो, तेव्हा आमच्या मुखातून शुभवर्तमान बोलत नव्हते; सेमिनरीतील ते मौनच बोलत होते.

प्रभू येशूने मोशेच्या आसनावर बसलेल्या शास्त्र्यांविषयी जे म्हटले ते मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायात आहे. त्याने आसन मोडून टाकावयास सांगितले नाही. त्यावरून जे शिकविले जाते त्याचा मान राखावयास सांगितले. पण लोकांच्या खांद्यांवर ओझी लादून स्वतः बोटही न लावणाऱ्यांना त्याने सोडले नाही. आणि शेवटच्या भोजनाच्या रात्री हा गुरू आसनावरून उठला आणि कमरेला रुमाल बांधून शिष्यांच्या पायांशी बसला. आमच्या भागातील कलमे करणारा माणूस हे आपल्या परीने जाणतो. जंभेरीचा खुंट मजबूत हवा, त्याची मुळे खोल हवीत, पण फळ डोळ्याचे असते. डोळ्याखालून खुंटाचेच फुटवे वाढू लागले तर तो ते वेळीच काढतो. नाहीतर झाड हिरवेगार दिसते आणि संत्रे लागत नाही.

रोपवाटिकेच्या मालकांना आम्ही सांगितले की, मुलीला समजावणार नाही, तिच्याबरोबर जाऊ. तिने छापून आलेले प्रकरण आणि स्वतःची तारखांसह हस्तलिखिते जोडून अर्ज केला. तो देताना आम्ही बाहेरच्या बाकावर बसून होतो. निकाल अद्याप लागलेला नाही. तो कसा लागेल हे सांगता येत नाही. मुलीने अभ्यास मात्र सोडलेला नाही.

त्याच आठवड्यात आम्ही बाजारात त्या आडत्याच्या पेढीवर गेलो. हिशेबाची वही बाजूला सारून तो तरुण उठला. आता त्याच्या कानशिलांवर पांढरे केस दिसू लागले आहेत. आम्ही क्षमा मागितली. तो संकोचून म्हणाला, “जाऊ द्या फादर, तुमाले तरी काय मालूम होतं!”

मालूम होते. सेमिनरीतील त्या वर्षापासून मालूम होते. तेच त्याला सांगून आम्ही परतलो.